गुलाबी कबूतर: पिंजऱ्याइतकंच रानही महत्त्वाचं

काही जण म्हणतात की मॉरिशसचं गुलाबी कबूतर पिंजऱ्यात वाढवून सोडलं आणि वाचलं. हे अर्धंच खरं आहे. १९९०च्या सुमारास रानात जेमतेम दहा पक्षी उरले होते. पक्षी-संवर्धक कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पैदास करून पाखरं सोडली नसती तर आज ही चर्चाच झाली नसती, हे मान्यच.

पण ती सोडायची कुठे? बेटावर चांगलं मूळ जंगल दोन टक्केसुद्धा राहिलेलं नाही. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या तिथल्या राष्ट्रीय उद्यानात जे आहे त्यात बाहेरून आलेल्या चिनी पेरूची झुडपं इतकी दाट माजतात की स्थानिक झाडांची रोपं वरच येत नाहीत. मग कबुतराने फळं, कळ्या, कोवळी पानं खायची कुठून? म्हणून आजही त्यांना माणसांनी धान्य द्यावं लागतं. त्यात उंदीर, मांजरं, माकडं आणि मुंगूस यांचा धोका. यातलं एकही मूळचं तिथलं नाही, सगळी माणसाने आणलेली.

मला सर्वांत भिडतं ते हे, की शेवटचे पक्षी घरटी करत होते ती झाडंही परकी, जपानी क्रिप्टोमेरियाची होती.

डोडो कबुतरांच्याच कुळातला, आणि तो याच बेटावरून गेला. मॉरिशसमध्ये पिढ्यान् पिढ्या राहणारी मराठी मंडळी आहेत. त्यांच्यापैकी कुणी इथे असेल, तर रानातला पेरू उपटायचं काम सध्या कसं चाललंय ते जरूर लिहा.