मदत हवी आहे: संत्र्यावरची नागअळी बेलावर गेली का?
नागपूरला गच्चीवर कुंडीत संत्र्याचं रोप आहे, नवती फुटली की कोवळ्या पानांवर चांदीसारख्या नागमोडी रेघा येतात अन् पानं आकसतात. नागअळीच आहे, शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला, तिचा पतंग पंख पसरून जेमतेम अर्धा सेंटीमीटर, पंखाच्या टोकाला काळा ठिपका. मूळची आपल्या आशियातली, 1993 मध्ये फ्लोरिडात पण पोचली. पानं तोडून पाहिली, निंबोळी तेल दोनदा मारलं, पण अळी पानाच्या सालीखाली बसते मग तेल लागणार कसं! विषारी फवारा नको, त्याच रोपावर मुलगी लिंबू फुलपाखराच्या अळ्या पाळते (त्या पण पानंच खातात, असो). आता बाजूच्या बेलावर तशाच रेघा दिसताहेत. बेल नागअळीला चालतो हे माहीत आहे, पण ही तीच अळी हे रेघेतल्या विष्ठेवरून ओळखता येतं, की दुमडलेल्या पानातला कोष डबीत ठेवून पतंग निघायची वाट पाहावीच लागेल?