मदत हवी आहे: जावासाठी होस्टिंग कोणतं घ्यावं? (तातडीचं)

आंबेवाला_देवगड
नमस्कार मंडळी. आंब्याच्या ऑर्डरींचा जावा भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम आहे, तो इंटरनेटवर चालवायला चांगलं होस्टिंग सुचवा. स्वस्त हवं, पण मधेच बंद पडणारं नको. सध्या एका ठिकाणी वर्षाचे पैसे भरून बसलोय. जाहिरातीत 'जावा सपोर्ट' असं ठळक लिहिलं होतं, आणि वॉर फाइल (सगळा प्रोग्रॅम बांधलेली एक फाइल) चढवली की ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. त्यांच्या सपोर्टला विचारलं तर "सर, अवर सर्व्हर इज फाइन" एवढंच. घरच्या लॅपटॉपवर तेच सगळं सुरळीत चालतं. पाडव्याआधी ऑर्डरी घेणं सुरू व्हायला हवं. लांबण लावू नका, नुसतं नाव सांगा.

तिरफळ
नुसतं नाव कसं सांगणार? जावाची आवृत्ती कोणती? स्प्रिंग बूट (जावाचा तयार सांगाडा) आहे का? डेटाबेस कोणता? महिन्याला किती खर्च करायची तयारी आहे? आणि ४०४ चं पान कोणाचं दिसतं, टॉमकॅटचं (जावाच्या साइट चालवणारा सर्व्हर प्रोग्रॅम) की होस्टिंगवाल्याचं?

आंबेवाला_देवगड
जावा म्हणजे जावा. भाच्याने इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला केलं होतं. आता तो पुण्यात नोकरीला लागलाय आणि दिवसा फोन उचलत नाही. डेटाबेस आहे. माणसं कितीही येतील, सीझन आहे. कोणी नाव सांगेल का?

रापण
अरे बाबा, पेटये विकूक जावा कित्या होया? माझ्या तारकर्लेच्या होमस्टेक वर्डप्रेस आसा, काय्येक त्रास नाय. त्येच्यार दुकान लावूचा वूकॉमर्स घाल नायतर सरळ व्हॉट्सअ‍ॅप नंबर टाक आणि गप ऱ्हव.

आंबेवाला_देवगड
@रापण, व्हॉट्सअ‍ॅपवरच चालायचं आधी. दोनशे मेसेजांत कोणाची पाच डझनी आणि कोणाची सहा डझनी हे शोधताना रात्र जायची. या प्रोग्रॅममध्ये आंबा अढीत कधी घातला ती तारीख टाकली की कुठल्या अढीतली पेटी कोणाला आणि कोणत्या दिवशी निघायची ते येतं, पेटीवर चिकटवायची चिठ्ठी छापून निघते. हे वूकॉमर्समध्ये करून दाखवा, मी उद्या येतो तारकर्लीला.

रापण
येवा. पेटी घेवन येवा.

पातेरा
आजच्या काळात होस्टिंग कसलं शोधताय? सरळ एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचे भाड्याचे सर्व्हर) घ्या. मुंबई रीजन २०१६ पासून आहे, तुमचं गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं, साइट झटकन उघडेल. त्यांच्या बीनस्टॉक सेवेवर वॉर टाकायची, गर्दी वाटून द्यायला लोड बॅलन्सर लावायचा, डेटाबेस त्यांच्याच आरडीएस सेवेवर, की झालं. आम्ही कंपनीत असंच करतो.

तिरफळ
कंपनीत बिल कंपनी भरते. आंब्याच्या दोन-अडीच महिन्यांसाठी लोड बॅलन्सर? गर्दी पडून पडून किती पडणार, एका वेळी पन्नास माणसं. एक साधा व्हीपीएस (भाड्याचा, पण आपल्या एकट्याच्या ताब्यातला आभासी सर्व्हर) पुरे.

पातेरा
आणि तो व्हीपीएस रात्री बसला की उठवायला कोण, तुम्ही जाणार का देवगडला? लिनक्सचे अपडेट, फायरवॉल, बॅकअप हे सगळं एका बागायतदाराच्या गळ्यात मारताय. खर्च नको असेल तर हेरोकू आहे, फुकट.

तिरफळ
हेरोकूचं फुकट २०२२ च्या नोव्हेंबरमध्येच बंद झालं. बाकी मुद्दा बरोबर आहे, पण लिनक्समध्ये प्रोग्रॅम चालू ठेवणाऱ्या सिस्टिमडीची सर्व्हिस फाइल एकदा लिहून ठेवली तर प्रोग्रॅम मेला तरी आपोआप उठतो. त्यासाठी कोणी देवगडला जायची गरज नाही.

कुळीथपिठी
दोघंही उगाच पैसे घालवायला लावताय. जुना लॅपटॉप घरी पडलेला असेलच. त्यावर लिनक्स टाका, फायबर आहे, इन्व्हर्टर आहे, झाला सर्व्हर. दापोलीत माझा असाच चालतो. भाडं शून्य.

खळ्यातली_बाय
@कुळीथपिठी, दापोलीत राहून हे लिहिताय? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती, मोबाइलचे टॉवरसुद्धा आडवे. इन्व्हर्टर किती तास खेचणार? शिवाय घरच्या फायबरला बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक आयपीच (इंटरनेटवरचा पत्ता) नसतो, सीजीनॅटच्या मागे, म्हणजे बऱ्याच घरांत मिळून एकच असतो. बाहेरून कोणाला साइट उघडणारच नाही. स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे मोजायचे, तर व्हीपीएस काय वाईट?

कुळीथपिठी
वादळ काय रोज येतं?

खळ्यातली_बाय
२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलंच की. मे म्हणजे ऐन आंब्याचा.

सोलकढी_प्रेमी
डोमेन डॉट इन घ्या, डॉट कॉम नको. नावात 'हापूस' असलं की गुगलवर वर येतं असं ऐकलंय. माझ्याकडे दोन डोमेन पडून आहेत, हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तिरफळ
@आंबेवाला_देवगड, विचारलेलं अजून सांगितलं नाहीत. ४०४ च्या पानावर अगदी तळाला बारीक अक्षरात काही लिहिलंय का? आणि भाच्याच्या फोल्डरमध्ये पोम डॉट एक्सएमएल नावाची फाइल असेल, ती नोटपॅडमध्ये उघडून स्प्रिंग बूट शब्दापुढे कोणता आकडा आहे तेवढं बघा.

आंबेवाला_देवगड
तळाला 'अपाचे टॉमकॅट/१०.१' असं आहे. पोममध्ये 'स्प्रिंग-बूट-स्टार्टर-पॅरेंट' आणि खाली २.७ काहीतरी. याने काय होतं? मला होस्टिंगचं नाव हवंय.

तिरफळ
यानेच सगळं होतं. ओरॅकलने जावा ईई (जावाचा सर्व्हरसाठीचा भाग) २०१७ मध्ये इक्लिप्स फाउंडेशनकडे दिलं, पण त्यातल्या कोडच्या गठ्ठ्यांचं, म्हणजे पॅकेजचं, जॅव्हॅक्स हे नाव पुढे वापरायची मुभा दिली नाही. म्हणून २०२० मध्ये त्याचाच नवा अवतार आला, जकार्ता ईई ९, आणि त्यात सगळ्या पॅकेजची नावं जॅव्हॅक्सची जकार्ता झाली. टॉमकॅट ९ जुनी नावं ओळखतो, टॉमकॅट १० पासून फक्त नवी. स्प्रिंग बूट २ जुन्या नावांवर आणि ३ नव्यावर. तुमची वॉर २.७ ची, त्यांचा टॉमकॅट १०.१. टॉमकॅट वॉर उघडतो, आपल्या ओळखीचं काही सापडत नाही, म्हणून गप्प बसतो. लॉगमध्ये एररसुद्धा येत नाही, नुसता ४०४. लॅपटॉपवर चालतं कारण तिथे भाच्याने स्प्रिंग बूटच्या पोटातला टॉमकॅट वापरला, आणि तो ९ आहे.

तेव्हा तुमचा होस्टिंगवाला खोटं बोलत नव्हता, पण तुम्हाला टॉमकॅट कोणता लागेल हे एका वाक्यात विचारायला त्याला हरकत नव्हती.

पातेरा
स्प्रिंग बूट २.७ चा फुकट सपोर्ट २०२३ मध्येच संपला. आधी ३ वर न्या. जावा १७ लागेल.

तिरफळ
पाडवा तोंडावर असताना? अपग्रेड पावसाळ्यात करू देत. भाचाही तेव्हा फोन उचलेल.

तूर्तास दोन वाटा. एक, त्यांनी टॉमकॅट ९ द्यावा. किंवा टॉमकॅट १० मध्येच 'वेबअ‍ॅप्स-जावाईई' नावाचा फोल्डर करून वॉर त्यात टाकावी. तिथे ठेवलेली वॉर टॉमकॅट स्वतःच नव्या नावांत बदलून घेतो. बहुतेक वेळा निभतं. दुसरी वाट, व्हीपीएस घ्या आणि लॅपटॉपवर चालवता तसंच 'जावा -जार' ही आज्ञा देऊन तीच वॉर चालवा. टॉमकॅट वेगळा लागतच नाही.

आंबेवाला_देवगड
पहिलं विचारलं. म्हणाले शेअर्ड प्लॅनमध्ये टॉमकॅट बदलता येत नाही, फोल्डरही करता येत नाही, रीस्टार्ट रात्री एकदाच होतो. पैसे परत मिळणार नाहीत. आता नाव सांगा.

खळ्यातली_बाय
शेअर्ड टॉमकॅट म्हणजे सामाईक विहीर, शेजाऱ्याने पंप लावला की आपली पाळी गेली. एकाच जेव्हीएममध्ये (जावा चालवणारं इंजिन) दहा जणांचे प्रोग्रॅम, एकाने मेमरी खाल्ली की दहाही बसतात. कोणाकडेही घ्या, पैसे भरण्याआधी विचारा: जेव्हीएम माझा एकट्याचा का, हीप (त्याला मिळणारी मेमरी) किती, टॉमकॅट आणि जावाची आवृत्ती मी ठरवणार का, लॉग मला दिसतील का, रीस्टार्ट माझ्या हातात का. तिसऱ्या प्रश्नाला आढेवेढे घेतले की फोन ठेवा.

आंबा_खवय्या
अवांतर: पाच डझनीचा भाव काय यंदा? आणि खरा देवगडचा आहे ना? आमच्याकडे कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत घालून विकतात.

रत्नांग्री
देवगडचाच का म्हणून? २०१८ मध्ये हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर पाचही जिल्ह्यांना.

रापण
झाला सुरू. आता होस्टिंग ऱ्हवला बाजूक.

तिरफळ
नाव हवंय ना, व्हीपीएससाठी घ्या: डिजिटल ओशनचं बंगळुरू किंवा लिनोडचं मुंबई. दोन्ही चालतील. २ जीबी रॅमचा घ्या, साधारण १२ डॉलर महिना, वर १८ टक्के जीएसटी. महिन्याच्या हिशोबाने असतं, जूनमध्ये डेटा उतरवून मशीन काढून टाका. नुसतं बंद करून ठेवलंत तर बिल चालूच राहतं.

१ जीबीचा घेऊ नका. मायएसक्यूएल ८ हा डेटाबेस काही न बदलता लावला तर तेच तीन-चारशे एमबी घेऊन बसतं, वर तुमचा जावा. मेमरी संपली की लिनक्सच प्रोग्रॅम मारतो. जावाच्या लॉगमध्ये काहीच दिसत नाही, सिस्टिमच्या लॉगमध्ये नुसतं 'किल्ड'. मग परत इथे येऊन विचाराल की होस्टिंग वाईट आहे का.

पातेरा
फुकटच हवं तर ओरॅकल क्लाउड बघा, एआरएम प्रोसेसरचं (मोबाइलमध्ये असतो तसल्या) मशीन मिळतं, मुंबई रीजनही आहे. जावा एआरएमवर छान चालतो.

खळ्यातली_बाय
आणि रिकामं पडून राहिलं की ते परत काढून घेतात. आंब्याचा धंदा नऊ महिने रिकामाच असतो.

आंबेवाला_देवगड
बंगळुरूवालं २ जीबीचं घेतलं. भाच्याने काल रात्री फोन उचलला, त्याने तासाभरात चढवलं. चालतंय. तिरफळ, धन्यवाद.

आता नवीन कटकट. पहाटे उठून ज्या अढ्या टाकतो, त्यांच्या चिठ्ठीवर आदल्या दिवसाची तारीख छापली जाते. दुपारनंतर टाकल्या तर बरोबर येते. लॅपटॉपवर असं कधी झालं नाही. होस्टिंगचं घड्याळ मागे आहे का?

तिरफळ
घड्याळ बरोबर आहे, पण यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर आहे, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत टाकलेलं सगळं सर्व्हरच्या लेखी कालचं. भाच्याला सांगा, जावा सुरू करताना 'यूजर डॉट टाइमझोन' ला एशिया/कोलकाता द्यायचं, आणि मायएसक्यूएलचा टाइमझोनही बघायचा. पण आधी आत्तापर्यंत चिकटवलेल्या चिठ्ठ्या तपासा, नाहीतर पेट्या एक दिवस आधी निघतील.

आंबेवाला_देवगड
कालच्या चौदा पेट्यांना चिठ्ठ्या लागल्यात. बघतो.

आंबा_खवय्या
भाव सांगायचा राहिला.