ई-चलन भरायला दोन मिनिटं, पण हरकत ऐकणार कोण?

घोडबंदरकर

ई-चलन भरणं आता खूप सोपं झालंय. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक साइटवर किंवा ॲपवर गाडीचा नंबर आणि चेसिस नाहीतर इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की गाडीवरची सगळी पेंडिंग चलनं समोर येतात. टिक करायची, यूपीआयने पैसे भरायचे, पावती डाउनलोड करायची. नाक्यावर गाडी बाजूला घेऊन हुज्जत घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

माझा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. त्याच यादीत चलनाचा फोटो बघायची सोय असते, आणि बरेच लोक तो उघडतच नाहीत. माझ्या स्कूटरवर विदाउट हेल्मेटचं चलन आलं. फोटो उघडला तर त्यात काळी मोटारसायकल, आणि ठिकाण अशा शहरातलं जिथे माझी स्कूटर कधी गेलेलीच नाही. प्लेटवर चिखल होता, ३ चा ८ वाचला गेला होता. मी गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे आरसी जोडली, स्कूटरचे चारही बाजूंनी फोटो जोडले आणि ऑनलाइन तक्रार टाकली. उत्तर एका ओळीचं आलं: चलन योग्य आहे. कोणी तपासलं, काय बघून योग्य ठरवलं, यातलं काहीच नाही.

पाचशे रुपये भरून विषय संपवा, असं घरचेही म्हणाले. पण चलन भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड. गुन्हा मान्य केला आणि मिटवला, मग हरकतीला जागा उरत नाही. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खालच्या साध्या गुन्ह्याला पहिल्यांदा ५०० आणि पुढच्या वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे अशा गुन्ह्यात दुसऱ्याचं चलन आज मुकाट्याने भरलं तर उद्या आपलं खरं चलन आपल्याला तिप्पट पडू शकतं.

माझं मत सरळ आहे. फोटो बघितल्याशिवाय कोणीही भरू नये. आणि हरकतीचं उत्तर कारणासह, नावानिशी मिळालंच पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

सीवूड्स रहिवासी

तुमचं चलन चुकीचं असेल तर ते रद्द झालंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण त्यावरून सगळ्यांना 'आधी थांबा' म्हणून सांगणं मला पटत नाही.

मी नवी मुंबईत पाम बीच रोडच्या कडेला राहतो. वेगमर्यादा ६० ची आहे. रात्री उशिरा सारसोळे जंक्शनला पाच मिनिटं उभे राहा. सिग्नल सुटला की बाइक अशा निघतात की रस्ता ओलांडणारा माणूस दुभाजकावर जीव मुठीत धरून उभा राहतो. कॅमेऱ्याच्या जरा आधी ब्रेक, कॅमेरा मागे पडला की पुन्हा तेच. या रस्त्यावर माणसं गेली आहेत, आमच्या सोसायटीनेही एक तरुण मुलगा गमावला आहे. त्यामुळे 'फोटोत खोट शोधा' हा सूर ऐकला की मला राग येतो. चलन आलेल्यांपैकी बहुतेकांनी नियम मोडलेला असतो आणि ते त्यांना ठाऊक असतं.

दुसरं. पूर्वी शंभराची नोट पुढे केली की सुटका व्हायची. कॅमेऱ्यापुढे ओळख चालत नाही, चिरीमिरी चालत नाही. गरीब-श्रीमंत दोघांना एकच दंड. ही व्यवस्था मोडू नका, दुरुस्त करा. आणि तोवर आपापला दंड वेळेवर भरा.

रिक्षावाल्याची लेक

दादा, 'दोघांना एकच दंड' इथेच माझी हरकत आहे.

माझे बाबा ठाण्यात शिफ्टवर रिक्षा चालवतात, रिक्षा दुसऱ्याच्या मालकीची आहे. चलनाचा मेसेज जातो मालकाच्या मोबाइलवर. मालक रक्कम सांगतो आणि ती शिफ्टच्या पैशांतून वळती करतो. फोटो बाबांना दिसतच नाही. त्या वेळी रिक्षावर दिवसपाळीचा ड्रायव्हर होता की रातपाळीचा, हेसुद्धा फोटोवरची वेळ बघितल्याशिवाय कळत नाही.

मी एकदा मालकाकडून चेसिस नंबरचे आकडे मागून घेतले आणि स्वतः बघितलं. एक चलन स्टॉप लाइन ओलांडल्याचं होतं. फोटोत रिक्षाचं पुढचं चाक दिसत होतं, सिग्नलचा खांब दिसत होता, पण लाइन कुठेच नव्हती. मेट्रोच्या कामासाठी तो रस्ता खणून पुन्हा भरलेला, त्यावर पांढरा पट्टा मारायचा राहून गेलेला. जो पट्टा रस्त्यावर नाही तो ओलांडला कसा? ज्याला दिवसभर उन्हात फिरून शिफ्टचं भाडं सुटल्यावर चार पैसे उरतात, त्याला पाचशे म्हणजे घरातला एक दिवस.

नियम पाळायला नको असं मी म्हणत नाही. बाबा स्वतः कडक आहेत, चौथी सीट कधी घेत नाहीत. पण ज्याने दंड भरायचा त्याला पुरावा बघायला मिळालाच पाहिजे.

कळंबोली ट्रान्सपोर्ट

ताईंचं अगदी बरोबर आहे. अवजड वाहनांचं तर विचारूच नका. न्हावा-शेवा बंदराला जाणारे कंटेनर लाइनीत तासन् तास अडकतात. थांबायला पुरेसे तळ नाहीत, मग ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला लावतो. त्याचं चलन होतं, पुढच्या चौकात पुन्हा होतं. २०२५ च्या जुलैत मालवाहतूकदारांनी राज्यभर संप केला तेव्हा ई-चलन ही मुख्य तक्रार होती, ती उगाच नव्हती.

कायद्याचंही सांगतो. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत १६७ ए हा नियम घातला. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची आणि कॅमेऱ्याच्या टापूत तशी सूचना देणारे फलक लावायचे, हे त्यात आहे. शिवाय फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांनंतर घेऊ नये, ही मुदतीची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत (सीआरपीसी) ४६८ कलमात होती, आता नागरिक सुरक्षा संहितेत ५१४ मध्ये आहे. तरी दोन-तीन वर्षांपूर्वीची चलनं यादीत तशीच उभी असतात आणि नाकाबंदीत गाडी अडवून 'आधी हे भरा' म्हणतात. कोर्टात जे टिकायचं नाही ते रस्त्यात वसूल का करायचं?

सीवूड्स रहिवासी

मुदत संपली म्हणून गुन्हा घडलाच नव्हता असं होत नाही. सहा महिने दडून बसलं की सुटलो, हा धडा आपण नव्या पोरांना देणार का? ज्याला चलन मान्य नाही त्याने कोर्टात उभं राहावं, तो हक्क कोणी काढून घेतलेला नाही. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून अनेकदा भरते, वादपूर्व, म्हणजे अजून कोर्टात न गेलेली प्रकरणं म्हणून ई-चलनंही तिथे ठेवली जातात, नोटीस मोबाइलवर येते. तिथे जायला काय हरकत आहे?

पट्ट्याचा मुद्दा मात्र मान्य. जिथे पट्टा नाही, फलक नाही, तिथलं चलन होताच कामा नये. हे मी मनापासून म्हणतो, कारण अशा चलनांमुळे पाम बीचवरच्या खऱ्या चलनांवरचाही लोकांचा विश्वास उडतो.

घोडबंदरकर

लोकअदालतीत तडजोड होते हो. रक्कम मान्य करून मिटवायचं असेल तर ती जागा चांगली आहे. पण 'ही गाडी माझी नाही' यात तडजोड कसली करायची? आणि कोर्टात जायचं म्हणजे पाचशे रुपयांसाठी कामाचा खाडा. त्यामुळे खरं असो वा खोटं, माणूस भरून मोकळा होतो. मग ती वसुली बघून सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं. मला चीड येते ती याची.

नौपाड्यातली आजी

मी वाहन चालवत नाही, मुलाची गाडी माझ्या नावावर आहे म्हणून मेसेज मला येतात. माझा प्रश्न साधा आहे. खरा मेसेज कोणता आणि खोटा कोणता? मध्यंतरी व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची फाइल आली होती, वर पोलिसांचं चिन्ह. आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी ती उघडली आणि त्यांच्या खात्यातून पैसे गेले. तुम्ही सगळे 'वेळेवर भरा' आणि 'फोटो बघा' म्हणता, पण त्यासाठी आधी लिंक उघडावी लागते ना?

कळंबोली ट्रान्सपोर्ट

काकू, मेसेजमधली लिंक उघडूच नका, खरी असली तरी. महाट्रॅफिक किंवा केंद्राची परिवहन साइट, दोन्हींचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो. तो स्वतः टाइप करायचा आणि गाडीचा नंबर टाकून बघायचं. चलन असेल तर तिथे दिसेल. दिसत नसेल तर मेसेज सोडून द्या. चलनासाठी व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करणारी फाइल आली तर ती सरळ डिलीट करायची. आणि मुलाला सांगा, आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना ते परिवहनवर एकदा बघून घे. जुना नंबर असेल तर मेसेज भलत्याच माणसाला जातो, चलनं साठत राहतात आणि गाडी विकायला काढली की सगळी एकदम आडवी येतात.

रिक्षावाल्याची लेक

सीवूड्सचे दादा, तुम्ही पट्ट्याचं मान्य केलंत, बरं वाटलं. पण कोर्टाचं तुम्ही फार सहज म्हणालात. बाबा कोर्टात गेले तर त्या दिवशी रिक्षा बंद, आणि चलन मालकाच्या नावावर असल्यामुळे बाबांचं तिथे कोण ऐकून घेणार? मालक तर येणारच नाही, त्याचे पैसे आधीच वळते झालेले असतात.

दंड ऑनलाइन घेता तशी सुनावणीही ऑनलाइन घ्या. व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं द्या. समोर फोटो ठेवा, आम्ही आमचं सांगू, तुम्ही तुमचं सांगा. चूक बाबांची निघाली तर त्याच मिनिटाला यूपीआयने भरू. आणि भाड्याने चालणाऱ्या गाडीचं चलन मालकाबरोबर चालवणाऱ्यालाही दिसेल अशी सोय करा. बॅज आणि लायसन्सचा नंबर सरकारकडे आहेच.

सीवूड्स रहिवासी

ऑनलाइन सुनावणीला माझा पूर्ण पाठिंबा. फक्त मुदत ठरलेली हवी आणि त्या मुदतीत कोणी आलंच नाही तर दंड कायम. वेगाच्या चलनाला मात्र मी कसलीही सवलत मागणार नाही.

घोडबंदरकर

वेगाच्या चलनालाही फोटो लागेल, आणि त्या रस्त्यावर मर्यादेचा फलकही लागेल. एवढं असलं तर मीही सवलत मागणार नाही.