दहशतवादविरोधी कायद्याला मुदत असावी का?

कंदील

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यातला एकजण निकाल यायच्या आधीच, तुरुंगात असताना, वारला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, पण सुटलेल्यांनी परत आत जायची गरज नाही. अपील प्रलंबित आहे, त्यामुळे कोण खरं कोण खोटं हे ठरवायला मी इथे बसलेलो नाही.

मला वेगळंच खुपतंय. त्या संध्याकाळी पहिल्या वर्गाच्या डब्यांत १८० हून जास्त माणसं गेली. त्यांच्या घरच्यांना एकोणीस वर्षांनी उच्च न्यायालयातून काय हाती लागलं? काहीच नाही. आणि या खटल्यात कायदा मवाळ होता असंही नाही. मकोका, म्हणजे राज्याचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला होता. त्यात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाबसुद्धा पुरावा म्हणून चालतो. नेमके तेच कबुलीजबाब उच्च न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाहीत. कडक कायद्याने तपास पक्का झाला नाही, उलट कबुलीजबाबावर भिस्त ठेवायची सोय झाली.

सरकारला असाधारण अधिकार द्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ते कायमचे द्यायला. १९८५ च्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्याला दोन वर्षांची मुदत होती. १९८७ मध्ये तो नव्याने केला, मुदत वाढवत वाढवत १९९५ पर्यंत नेली, मग वाढवली नाही. २००२ च्या पोटा या दहशतवादविरोधी कायद्याला तीन वर्षांची मुदत होती आणि तो २००४ मध्येच रद्द झाला. पण पोटा कायद्यातली बरीच कलमं त्याच वर्षी यूएपीएमध्ये, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, आली, आणि २६/११ नंतर डिसेंबर २००८ मध्ये जामिनाची कडक अटही त्यात बसवली. यूएपीए हा १९६७ चा कायमस्वरूपी कायदा. त्याला मुदत नाही. म्हणजे जे अधिकार संसदेने दोनदा 'तात्पुरते' म्हणून दिले, ते तिसऱ्यांदा कायमचे झाले, आणि त्यावर पुन्हा मतदान घेण्याचं बंधन कुणावरच उरलं नाही.

माझं म्हणणं एवढंच: दर तीन वर्षांनी संसदेने आकडे समोर ठेवून हे अधिकार पुन्हा मंजूर करावेत. नाही केले तर ते आपोआप संपावेत.

पहारा

कंदील, मी आयुष्यभर गणवेशात नोकरी केली आहे, म्हणून सरळच लिहितो. तुम्ही ज्याला व्यक्तिस्वातंत्र्य म्हणता त्यात स्टेशनवरून जिवंत घरी पोचण्याचं स्वातंत्र्य येतं की नाही? चुकून आत गेलेल्याला अपील करता येतं. डब्यात बसलेल्याला ती सोय नव्हती.

आता तपासाबद्दल. साध्या खुनात प्रेत, हत्यार, साक्षीदार सगळं एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत असतं. इथे बॉम्ब ठेवणारा एका राज्यात, पैसा दुसऱ्या देशातून, सूत्रधार सीमेपलीकडे, आणि फोनची माहिती परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर. ती मागवायची तर दुसऱ्या देशाच्या सरकारला विनंतीपत्र जातं, उत्तराला महिने लागतात. नव्वद दिवसांत आरोपपत्र होत नाही, म्हणून १८० दिवस दिले आहेत, आणि तेही सरकारी वकिलाच्या अहवालावर न्यायालयाने परवानगी दिली तरच.

निसटलेला माणूस काय करू शकतो तेही बघा. मे २००६ मध्ये औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात एक मुख्य आरोपी पाठलागातून निसटला. तो हाती लागला २०१२ मध्ये, सौदी अरेबियातून आणून. मधल्या काळात २६/११ च्या वेळी तो कराचीतल्या नियंत्रण कक्षात बसून सूचना देत होता, असा तपासयंत्रणांचा आरोप आहे. शस्त्रसाठ्याच्या खटल्यात तर त्याला शिक्षाही झाली. असा माणूस जामिनावर सोडायचा का?

आणि दर तीन वर्षांनी मतदान म्हणजे दर तीन वर्षांनी राजकारण. निवडणूक जवळ आली की कायदा ढिला करणार?

निरंजना

पहारा साहेब, तुमचं उदाहरण पळालेल्या माणसाचं आहे. तो जामिनावर सुटला नव्हता, पकडलाच गेला नव्हता. त्याचं उत्तर जामिनाच्या कलमात नाही.

२६/११ च्या आधी मुंबईची टेहळणी करणाऱ्या हेडलीचं बघा. त्याने २००६ मध्ये नाव बदललं, अमेरिकी पासपोर्टवर वारंवार मुंबईत आला, ताज, सीएसटी, नरिमन हाउस सगळीकडे चित्रीकरण करून गेला. त्याच्याबद्दल त्याच्या बायकांनी अमेरिकी अधिकाऱ्यांकडे हल्ल्याच्या आधीच तक्रारी केल्या होत्या. समुद्रातून हल्ला होऊ शकतो असे इशारे आपल्याकडेही आले होते. माहिती होती, ती जोडून पाहणारं कुणी नव्हतं. आणि धडा काय घेतला, तर आत टाकलेल्याला जामीन मिळणं अवघड करायचं.

पहारा

निरंजनाताई, अर्धीच बाजू सांगताय. माहिती जोडायची म्हणूनच नॅटग्रिडची, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी तपासयंत्रणांना एकत्र दाखवणाऱ्या जाळ्याची, कल्पना आली, आणि तिला विरोध कुणी केला? खासगीपणाच्या नावाखाली तुमच्याच बाजूच्या लोकांनी. प्रवास, बँक, फोन यांच्या नोंदी एकत्र पाहायच्या नाहीत, संशयिताला आत ठेवायचं नाही, आणि हल्ला झाला की यंत्रणा झोपली होती म्हणायचं. यातलं काहीतरी एक तर द्या आम्हाला.

निरंजना

नोंदी बघायला ना नाही. कुणाच्या, कुणाच्या परवानगीने, हा प्रश्न आहे. अमेरिकेने २००१ नंतर सरसकट सगळ्या नागरिकांच्या फोनच्या नोंदी गोळा केल्या: कोणी कोणाला कधी फोन केला, किती वेळ बोलला. तिथल्या गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या स्नोडेनने २०१३ मध्ये ते उघड केलं. तिथल्याच सरकारी देखरेख मंडळाने २०१४ मध्ये गोपनीय कागद तपासून सांगितलं की या योजनेमुळे दहशतवादाच्या तपासाचा निकाल बदलला असं एकही प्रकरण सापडलं नाही. २०१५ मध्ये ती सरसकट गोळाबेरीज कायद्याने थांबवली.

पहारा

त्याच मंडळाने त्याच वर्षी दुसरा अहवाल दिला, तो का सांगत नाही? परदेशात असलेल्या ठरावीक व्यक्तींच्या संपर्कावर पाळत ठेवण्याची योजना उपयुक्त ठरल्याचं त्यांनी म्हटलं, आणि ती चालूच राहिली.

निरंजना

तो अहवाल माझ्याच बाजूचा आहे. विशिष्ट माणसावर पाळत उपयोगी पडली, सरसकट पाळत पडली नाही.

कलमबंद

मी फौजदारी वकिली करते. चर्चा वरवरून चाललीय, म्हणून विशेष न्यायालयातला एक दिवस सांगते.

आरोपपत्र काही हजार पानांचं, खोक्यांत भरून येतं. साक्षीदारांची यादी दोन-अडीचशेची. आरोपीला तुरुंगातून आणायला पोलीस पथक लागतं, ते कुठेतरी बंदोबस्तावर असतं. तुरुंगातून चिठ्ठी येते: पथक उपलब्ध नाही. मग व्हिडिओवर हजेरी. पडद्यावर आरोपी दिसतो, तो काहीतरी बोलतो, आवाज नीट येत नाही, आणि पडदा बंद. त्या दिवशीचा पंच सरकारी कर्मचारी असतो, त्याची बदली झालेली, समन्स परत आलेलं. सरकारी वकील दुसऱ्या न्यायालयात अडकलेले. पुढची तारीख पडते. मागे बाकावर आरोपीची आई किंवा बायको बसलेली असते, ती माझ्याकडे येऊन विचारते, आज काय झालं? काय सांगायचं तिला?

आता यूएपीएचं जामिनाचं कलम, ४३-डी (५). केस डायरी आणि आरोपपत्र वाचून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटत असेल तर जामीन द्यायचा नाही. केस डायरी लिहितात पोलीस, आरोपपत्र तयार करतात पोलीस. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वटाली निकालाने सांगितलं की या टप्प्यावर न्यायाधीशाने पुराव्याची खोलात जाऊन छाननी करायची नाही. मग बचावाचा कागद कितीही भक्कम असो, तो खटल्याच्या वेळी दाखवा, असं उत्तर मिळतं. आणि खटला कधी, ते वर सांगितलंच.

२०२१ च्या नजीब निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाट काढली: खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल आणि माणूस दीर्घकाळ आत असेल, तर हे कलम घटनात्मक, म्हणजे उच्च आणि सर्वोच्च, न्यायालयांचा हात बांधू शकत नाही. त्या प्रकरणात आरोपी पाच वर्षांहून जास्त आत होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. सहआरोपींना जास्तीत जास्त आठ वर्षांची शिक्षा झाली होती. म्हणजे दोषी ठरायच्या आधीच निम्म्याहून जास्त शिक्षा भोगून झालेली. पण उच्च न्यायालयापर्यंत जायची ऐपत किती घरांत असते?

बाभूळवन

मालेगावच्या २००६ च्या बॉम्बस्फोटांचा विषय कुणी का काढत नाही? राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) नऊ जणांना पकडलं. पुढे केंद्राच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेने (एनआयए) तपास केला आणि पूर्णपणे वेगळ्या गटातल्या चौघांवर आरोपपत्र दाखल केलं. पहिल्यांदा पकडलेल्यांवरचे आरोप २०१६ मध्ये न्यायालयाने काढून टाकले. एकच प्रकरण, आणि सरकारच्याच दोन यंत्रणांच्या दोन पूर्ण वेगळ्या कहाण्या! आणि दोन्ही वेळा 'प्रथमदर्शनी' पुरावा होताच. आरोपी हातात असले की पुढचा शोध थांबतो. कडक जामिनाचा सगळ्यात मोठा तोटा मला हा वाटतो.

पहारा

बाभूळवन, ही चूक उघडकीस आणली ती एनआयएने, आणि एनआयए जन्माला आली ती २००८ मध्ये, यूएपीएच्या त्या दुरुस्तीबरोबरच. म्हणजे त्या डिसेंबरात केलेलं सगळं वाईट नव्हतं.

आणि यूएपीएची टाडा-पोटाशी बरोबरी करताना हेही सांगा की पोलिसांपुढचा कबुलीजबाब ग्राह्य धरण्याची तरतूद यूएपीएमध्ये घेतलेली नाही. सुधारणा झाली आहे. कसाबचंच घ्या. तुकाराम ओंबळेंनी जीव देऊन त्याला जिवंत पकडून दिला. त्याला वकील मिळाला, खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या न्यायालयाने त्याला फाशी दिली त्यानेच दोन भारतीय सहआरोपींना पुराव्याअभावी सोडलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने तेही कायम ठेवलं. आम्ही दात-ओठ खात का होईना ते मान्य केलं. आपली व्यवस्था सूडावर चालत नाही, याचा मला अभिमान आहे.

कंदील

तो अभिमान मलाही आहे, आणि तुमचंच उदाहरण पुढे नेतो. २६/११ चा हल्ला नोव्हेंबर २००८ चा, विशेष न्यायालयाचा निकाल मे २०१० चा. दीड वर्ष. देशातला सगळ्यात गुंतागुंतीचा खटला, परदेशी पुरावा, शेकडो साक्षीदार, तरी दीड वर्षात संपला, कारण सरकारने तो संपवायचं ठरवलं होतं. मग बाकीच्यांना पाच-पाच वर्षं लागतात ती कायद्याच्या अडचणीने नाही. माणूस आतच आहे, घाई कुणाला आहे?

राजकारणाच्या भीतीबद्दल. ब्रिटनमध्ये जुलै २००५ च्या बॉम्बस्फोटांत ५२ जण गेले. ब्लेअर सरकारने आरोप न ठेवता ९० दिवस कोठडी मागितली, संसदेने ती फेटाळून २८ दिवस दिले, आणि दरवर्षी मंजुरी घ्यायची अट घातली. जानेवारी २०११ मध्ये मंजुरी घेतली नाही, मुदत आपोआप १४ दिवसांवर आली. ब्रिटन कोसळलं नाही.

पहारा

ब्रिटनने दुसऱ्या हाताने काय केलं ते? ज्यांच्यावर खटला भरता येत नाही त्यांच्यावर घराबाहेर पडण्याच्या वेळा, फोन, भेटीगाठी यांची बंधनं. दोष सिद्ध झालेला नसताना. प्रत्येक देश कुठेतरी किंमत मोजतोच.

कलमबंदताईंनी सांगितलेला दिवस मात्र मला खोटा वाटत नाही, तुरुंगातल्या त्या चिठ्ठ्या मीही पाहिल्या आहेत. म्हणून माझा प्रस्ताव: कायद्याला मुदत घालू नका, खटल्याला घाला. असे खटले रोजच्या रोज चालवायचे, बाकीच्या खटल्यांच्या आधी घ्यायचे. दोषी असेल तो दोन वर्षांत फासावर किंवा जन्मठेपेवर जाईल, निर्दोष असेल तो घरी.

कलमबंद

पहारा साहेब, ही तरतूद आहे. एनआयए कायद्याचं कलम १९: विशेष न्यायालयाने कामकाजाच्या सगळ्या दिवशी, रोजच्या रोज खटला चालवायचा, आणि त्याच आरोपीवरच्या इतर न्यायालयांतल्या खटल्यांपेक्षा त्याला प्राधान्य द्यायचं. २००८ पासून लिहिलेलं आहे. ते पाळलं नाही तर काय, हे मात्र त्या कलमात लिहिलेलं नाही.

पहारा

मग ते लिहा. दोन वर्षांत खटला संपला नाही आणि उशीर आरोपीमुळे झालेला नसेल, तर ४३-डी (५) त्या माणसापुरतं लागू राहणार नाही, साध्या नियमाने जामीन. याला माझी सही आहे. तीन वर्षांनी अख्खा कायदाच संसदेत टांगणीला लावायला नाही.

कंदील

मला दोन्ही हवं आहे. पण तुमची दुरुस्ती उद्या संसदेत आली तर मी तिच्या बाजूने उभा राहीन. फक्त दोन वर्षं मोजायची अटकेच्या दिवसापासून, आरोप निश्चित झाल्यापासून नाही. तिथेच सगळा काळ गायब होतो.