सोलापूरहून थंड हवेच्या ठिकाणी दोन मुक्कामांची सहल: आईला झेपेल असे ठिकाण कोणते?

उत्तरकसबा यांचा प्रश्न

नमस्कार. मार्च संपत आला की सोलापुरात दुपारी घराबाहेर पाऊल टाकणे किती अवघड होते, हे येथील वाचकांना वेगळे सांगायला नको. यंदा 1 मेच्या सुट्टीला रजा जोडून दोन रात्रींसाठी एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जावे, असा आमचा विचार आहे. सोबत सत्तरी ओलांडलेली आई आणि पाचवीत शिकणारी मुलगी असेल. आईचे गुडघे दुखत असल्यामुळे तिला पायऱ्या चढवत नाहीत. सपाट रस्त्यावर मात्र ती सावकाश, मध्ये बसत बसत, बरीच चालते. मुलीला गाडी लागते.

घरात सर्वांच्या तोंडी महाबळेश्वरचेच नाव आहे. परंतु इतक्या लांब जाऊन सुट्टीतला निम्मा वेळ वाहनांच्या रांगेत जाणार असेल, तर त्यापेक्षा जवळचा एखादा लहानसा डोंगर बरा, असे मला वाटते. येडशी-रामलिंग, शिखर शिंगणापूर आणि पन्हाळा ही नावे आमच्या चर्चेत आहेत. यांपैकी कोठे मे महिन्यात खरोखर थंडावा मिळतो आणि आईला कोणते ठिकाण सोयीचे होईल, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

होटगीरोड यांचे उत्तर

आपण ठिकाणांची नावे दिली आहेत. मी आधी उंचीविषयी लिहितो, कारण मे महिन्यातील थंडाव्याचा प्रश्न बराचसा तेथेच सुटतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. हजार मीटर वर गेल्यास हवा सर्वसाधारणपणे साडेसहा अंशांनी थंड होते. पन्हाळा साधारण 975 मीटरवर आहे, म्हणजे केवळ उंचीमुळे तेथे सोलापूरपेक्षा तीन-साडेतीन अंशांचा फरक पडतो. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या पुढे असल्याने तेथे हा फरक सहा अंशांच्या जवळ जातो. प्रत्यक्षात मात्र तो याहून अधिक जाणवतो, कारण सह्याद्रीच्या माथ्यावर दुपारनंतर समुद्राकडून वारे येऊ लागतात आणि सभोवती झाडी असल्यामुळे जमीन आपल्याकडच्या माळासारखी तापत नाही. सोलापुरात पारा बेचाळिसाच्या घरात असतो, तेव्हा महाबळेश्वरी तो बत्तिसाच्या आसपास असतो, आणि रात्री तर अंगावर पांघरूण घ्यावे लागते.

शिखर शिंगणापूर उंचीने पन्हाळ्याच्या तोडीचे आहे, पण ते माण तालुक्यात, म्हणजे दुष्काळी पट्ट्यात आहे. शंभू महादेवाच्या त्या डोंगररांगेवर मे महिन्यात झाडांची सावली विरळ असते आणि दगड दिवसभर तापतो. देवदर्शनासाठी अवश्य जावे, परंतु गारव्याच्या अपेक्षेने आईंना तेथे नेऊ नये.

पन्हाळ्याचा मोठा गुण असा की गाडी थेट गडावर जाते. गडावर वस्ती आहे, राहण्याची सोय आहे आणि आतील रस्ते रुंद आहेत. त्यामुळे गुडघेदुखी असलेल्या माणसालाही तीन दरवाजा, अंबरखाना आणि सज्जा कोठीपर्यंतचा बराच भाग गाडीतून आणि थोडेसे चालून पाहता येतो. मुलगी पाचवीत आहे म्हणता, तर शिवरायांचा इतिहास तिच्या मनात ताजा असणारच. सिद्दी जौहरचा वेढा आणि 1660च्या आषाढात महाराज ज्या रात्री विशाळगडाकडे निघाले ती रात्र, हे तिला तटावर उभे राहून सांगता येईल. शिवाय 2025 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या बारा किल्ल्यांमध्ये पन्हाळ्याचा समावेश आहे. मंगळवेढा, सांगोला, मिरज आणि कोल्हापूर असा रस्ता सरळ आहे. एकूण अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास होते आणि घाटाची वळणे शेवटच्या टप्प्यातच लागतात. गाडी लागणाऱ्या मुलीसाठी ही लहान गोष्ट नव्हे. वाटेत कवठे महांकाळ आणि मिरज यांच्या दरम्यान दंडोबाचा डोंगर आहे. सकाळी लवकर पोहोचलात, तर तेथे वनखात्याच्या झाडीत अर्धा तास थांबता येईल.

माळशिरसकर यांचे उत्तर

होटगीरोड यांच्या विवेचनाशी मी सहमत आहे, पण त्यांच्याच आकड्यांवरून माझे मत वेगळे होते. तीन-साडेतीन अंशांच्या फरकासाठी दोन दिवसांचा प्रवास करणे मला पटत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पन्हाळ्यावरही दुपारी ऊन चांगलेच लागते. गारवा हाच हेतू असेल, तर महाबळेश्वरच्या डोंगराकडेच जावे. मात्र महाबळेश्वरच्या बाजारपेठेत मुक्काम करू नये.

पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना मुख्य रस्त्यापासून थोडे आत भिलार हे गाव लागते. राज्य शासनाने 4 मे 2017 रोजी ते ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून जाहीर केले. गावातील घरांत, देवळांत आणि शाळेत मराठी पुस्तकांची कपाटे आहेत. कुठे बालसाहित्य, कुठे इतिहास, कुठे कविता अशी त्यांची विभागणी आहे, आणि येणाऱ्याने कोणत्याही घरात जाऊन, बसून, मनसोक्त वाचावे अशी व्यवस्था आहे. काही घरांमध्ये राहण्या-जेवणाची सोयही होते. ज्यांना पॉइंटमागून पॉइंट पाहण्याची इच्छा नाही आणि ज्यांच्यासोबत वयस्क माणूस व वाचणारे मूल आहे, त्यांच्यासाठी मला याहून योग्य जागा या भागात माहीत नाही. आई एखाद्या ओसरीवर बसतील, मुलगी शेजारच्या घरातून दुसरे पुस्तक आणेल, आणि कोणालाही कोणासाठी खोळंबून राहावे लागणार नाही.

सोलापूरहून मोहोळ, पंढरपूर, माळशिरस, फलटण आणि वाई या मार्गाने अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडते. मोहोळ ते फलटण हा टप्पा पालखी मार्गाचा असल्याने रुंद झाला आहे. खरी अडचण वाईनंतरच्या पसरणी घाटाची आहे. मुलीला पुढच्या आसनावर बसवू नये, मागेही मध्यभागी बसवावे म्हणजे तिला समोरचा रस्ता दिसेल, आणि घाटापूर्वी वाईत थोडी विश्रांती घ्यावी. औषध द्यायचे असल्यास ते डॉक्टरांना विचारून घाट सुरू होण्याच्या आधी अर्धा-पाऊण तास द्यावे. मळमळ सुरू झाल्यावर दिलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. आईंना रक्तदाबाचा त्रास असला, तरी या उंचीवर विरळ हवेची चिंता करण्याचे कारण नाही. असा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो.

भवानीपेठ यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मे महिन्यापुरती आहेत. मूळ प्रश्नात येडशीचे नाव असल्यामुळे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते: बालाघाटची डोंगररांग (येडशी याच रांगेत येते) उन्हाळ्यात पाहू नका आणि उन्हाळ्यात पाहून त्याविषयी मत बनवू नका. येडशी-रामलिंगचे अभयारण्य पानगळीचे आहे. मे महिन्यात तेथे उघड्या फांद्या दिसतात आणि श्रावणात तीच दरी हिरवीगार होऊन रामलिंगाच्या देवळाजवळचा धबधबा वाहू लागतो. सोलापूरहून तुळजापूर-धाराशिव मार्गे सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येते, मुक्कामाचीही गरज पडत नाही. नळदुर्गही पावसाळ्यात, बोरी नदीला पाणी असतानाच पाहावा. किल्ल्यातील पाणीमहालावरून, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्यात बांधलेल्या महालावरून, धबधबे कोसळत असतात.

सोलापूरकर सहलीसाठी नेहमी पश्चिमेकडेच पाहतात, याचे मला वाईट वाटते. आपल्याच रेल्वेमार्गावर, वाडीच्या पुढे तेलंगणात विकाराबाद आहे आणि तेथून जवळच अनंतगिरीच्या टेकड्या आहेत. मुसी नदीचा उगम तेथे होतो आणि अनंतपद्मनाभाचे देऊळ आहे. आमच्या पेठेत तेलुगू बोलणारी कित्येक घरे आहेत, त्यांना भाषेचीही अडचण येणार नाही. उंची फार नसल्याने मे महिन्यात तेथेही गारवा नाही. पण जुलै ते सप्टेंबर या काळात ती गर्द झाडी पाहण्यासारखी असते.

उत्तरकसबा

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आई आणि मुलगी या दोघींचाही विचार करता भिलारला मुक्काम करावा असे ठरत आहे. पन्हाळा आणि येडशी पावसाळ्यासाठी राखून ठेवतो. दोन शंका उरल्या आहेत. निघण्याची योग्य वेळ कोणती, आणि खोली घेताना कोणती चौकशी करावी?

माळशिरसकर

पहाटे चारच्या सुमारास निघावे, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी आपण फलटण ओलांडाल. फलटणपर्यंतचा पट्टा उघडा आहे आणि दहानंतर तेथे गाडीतही जीव कासावीस होतो. परतताना हाच हिशेब उलटा करावा: दुपारचे जेवण वरच करून तीननंतर घाट उतरावा, म्हणजे पंढरपूरपर्यंत ऊन कललेले असेल. त्या दिवशी वाईकडून वर येणाऱ्या गाड्यांची रांग मोठी असते, परंतु उतरणाऱ्या बाजूला तितकी अडचण होत नाही.

खोली तळमजल्यावरचीच मागावी आणि शौचालय पाश्चात्त्य पद्धतीचे आहे का, हे फोनवर स्पष्ट विचारून घ्यावे, कारण घरगुती निवासांमध्ये दोन्ही प्रकार आढळतात. अंगणापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत, हेही विचारावे. डोंगरउतारावरच्या घरांना तळमजल्यालाही पाच-सात पायऱ्या असू शकतात. सुट्टी जोडून येत असल्यामुळे हे फोन याच आठवड्यात करावेत. पंखा आहे का, हे विचारण्याची गरज नाही. आईंसाठी स्वेटर मात्र बरोबर असू द्यावा.