नूर इनायत खान: फलकावर नेमकं काय लिहावं?

खडूफळा: नूर इनायत खानवर प्रदर्शनासाठी फलक करायचा आहे, जागा दीडशे शब्दांची. बहुतेक लेखांत ‘टिपू सुलतानची वंशज राजकन्या, हेर, शेवटचा शब्द लिबर्ते (फ्रेंचमध्ये ‘स्वातंत्र्य’)’ एवढंच सापडतं. तिचं काम नेमकं काय होतं? जर्मनांनी सिग्नलचा माग काढून तिला पकडलं, हे खरं का? आणि स्मारकं कुठे आहेत?

कडकट्ट: माग काढून नाही, फितुरीमुळे पकडली गेली, ऑक्टोबर १९४३ मध्ये, पॅरिसमध्ये. ‘हेर’ ऐवजी ‘वायरलेस ऑपरेटर’ लिहा. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या ताब्यातल्या देशांत गुप्त कारवाया करणाऱ्या ब्रिटनच्या एसओई या संघटनेने त्याच वर्षी १६-१७ जूनच्या रात्री लायसँडर विमानाने तिला फ्रान्समध्ये उतरवलं. काही दिवसांतच एसओईच्या तिथल्या ‘प्रॉस्पर’ या गुप्त जाळ्यातल्या माणसांची धरपकड सुरू झाली. परत ये म्हटलं तरी ती आली नाही.

काम असं: निरोप आधी संकेतलिपीत बदलायचा, सूटकेसमधला संच मांडायचा, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीचा क्रिस्टल बसवायचा, एरियलची लांब तार कुणाच्या नजरेत न येता ताणायची आणि मोर्समध्ये पाठवायचं. जर्मनांच्या गाड्या वेगवेगळ्या ठिकाणांहून सिग्नलची दिशा घेत. नकाशावर रेषा जिथे छेदतील तो भाग वेढायचा, मग एकेका इमारतीची वीज तोडायची. सिग्नल ज्या क्षणी बंद पडला, ती इमारत! म्हणून संच शक्यतो बॅटरीवर चालवायचा, निरोप आखूड ठेवायचा आणि जागा सतत बदलायची. ती जवळपास चार महिने टिकली, आणि त्या उन्हाळ्यातल्या पॅरिसमध्ये हे फार मोठं काम होतं. फलकावर हे आलंच पाहिजे.

जुनीपानं: एक गोष्ट लेखांतून गाळली जाते, तुम्ही गाळू नका. पाठवलेले निरोप तिने वहीत जपून ठेवले होते, आणि ती वही जर्मनांच्या हाती लागली. त्यावरून त्यांनी तिच्या नावाने लंडनशी बोलणं चालू ठेवलं. लंडनला ते खरं वाटलं. फेब्रुवारी १९४४ च्या शेवटी एसओईचीच मादलेन दामरमाँ आणि तिचे सोबती पॅराशूटने उतरले ते थेट जर्मनांच्या ताब्यात. ऑपरेटरांचा तुटवडा होता म्हणून नूरला प्रशिक्षण पुरं होण्याआधीच धाडलं होतं. चूक मोजताना हेही मोजा. चौकशीत तिने काही सांगितलं नाही, हे युद्धानंतर पॅरिसमधल्या चौकशी करणाऱ्या जर्मन विभागाच्या प्रमुखानेच कबूल केलं.

नोव्हेंबर १९४३ मध्ये ती पॅरिसमधल्या कैदेतून छपरावरून निसटली, पण लगेच पकडली गेली. पुन्हा पळणार नाही असं लिहून द्यायला नकार दिल्यावर जर्मनीतल्या फोर्त्सहाइमच्या तुरुंगात हातापायांत साखळ्या घालून एकटीला कोंडलं. तिथे जेवणाच्या भांड्याच्या बुडावर ती अक्षरं कोरायची, शेजारच्या कोठड्यांतल्या बायकांसाठी.

१३ सप्टेंबर १९४४ ला जर्मनीतल्या दाखाऊ छळछावणीत तिच्यासोबत एसओईच्याच दामरमाँ, योलांद बीकमन आणि एलियान प्ल्यूमन यांनाही मारलं. चारही नावं लिहा. नूरचं सांकेतिक नाव ‘मादलेन’ होतं, त्यामुळे दामरमाँशी गल्लत होते, तेवढं तपासा. ‘लिबर्ते’ मात्र वगळा. ती बऱ्याच वर्षांनी आलेली ऐकीव साक्ष आहे.

ग्रंथकीटक: स्मारकं: लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये अर्धपुतळा (८ नोव्हेंबर २०१२), लगतच्या टॅव्हिटन स्ट्रीटवर ४ क्रमांकाच्या घरावर निळी पाटी (२०२०). कबर नाही, म्हणून इंग्लंडमधल्या रनीमीडच्या हवाईदल स्मारकावर नाव. दाखाऊमध्ये चौघींची पाटी. जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा शौर्य सन्मान १९४९ मध्ये, मरणोत्तर.

‘राजकन्या’ काढाच. टिपूशी नातं सांगतात ते पणजीकडून. पणजोबा मौलाबक्ष मात्र बडोद्याच्या गायनशाळेचे संस्थापक, आणि वडील इनायत खानही बडोद्याचेच. सयाजीरावांच्या बडोद्याचा हा धागा मराठी फलकावर नसेल तर तो अपुराच.

आणि जुन्या कागदपत्रांत शोधताना ‘नोरा’ हे नावही टाका. हवाईदलात तिची नोंद त्याच नावाने आहे, जॉर्ज क्रॉसच्या घोषणेतही तेच आहे.