मदत हवी आहे: फोर्टीनायनर्सचे शेवटच्या राऊंडचे पिक मोजायचे कसे?

अमेरिकन फुटबॉलच्या NFL लीगमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स टीमचे 2017 ते 2022 च्या ड्राफ्टमधले (दरवर्षी टीम पाळीपाळीने सात राऊंडमध्ये नवे खेळाडू निवडतात तो) पाचव्या ते सातव्या राऊंडचे पिक, म्हणजे निवडलेले खेळाडू, वहीत मांडून बसलोय, किटल 146वा, ग्रीनलॉ 148वा, जेनिंग्ज 217वा आणि पर्डी तर 262वा म्हणजे 2022 च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, हे सगळं नुसत्या नशिबाने होत नाही असं मला मनापासून वाटतं. प्रो बोल (वर्षातल्या उत्तम खेळाडूंची निवड) मोजून पाहिले तर जेनिंग्जसारखे कामाचे गडी सुटतात, स्टार्ट (सुरुवातीच्या संघात खेळलेल्या मॅच) मोजले तर कमकुवत टीमची पोरं उगाच वर येतात कारण तिथे जागाच रिकामी असते. अनड्राफ्टेड, म्हणजे ड्राफ्टमध्ये कुणीच न निवडलेले, आधीच वगळलेत. आकडेवारी फुकट मिळणारीच हवी. बाकीच्या 31 टीमशी तुलना करायला नेमका कुठला आकडा धरू, आणि स्पेशल टीमचे (किकच्या वेळी उतरणाऱ्या गटाचे) स्नॅप, म्हणजे खेळलेले डाव, त्यात घ्यायचे का?